टक्स घातलेली युद्धनौका

आमचे टेलरमामा माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नसत, खांद्यांवरून ओळखत. चार वर्षांनी तुम्ही दोघे लोहाऱ्याला आलात, तेव्हा त्यांनी तुमची नावे विचारली नाहीत. "थोरल्याचा उजवा खांदा उतरता हाय. बापावर गेलाय," एवढेच म्हणाले. तुमच्या बाबाचे शाळेचे शर्ट त्यांनीच शिवले होते.

पुढे तयार कपडे आले आणि त्यांच्याकडे माझे ब्लाऊज नि शेजारच्यांचे उशांचे अभ्रे तेवढे उरले. म्हणून तुम्ही फ्रान्सहून जुन्या युद्धनौकेच्या कागदी प्रतिकृतीचे छापील कागद पाठवून "आजी, तू बनव" असे लिहिलेत, तेव्हा मी ते पाकीट घेऊन सरळ त्यांच्या दुकानात गेले. माझ्या हातात कात्री कशी चालते, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. चित्र बराच वेळ न्याहाळले. नौका खाली फुगीर, वर निमुळती.

"बाई, ह्ये जहाज हाय का घागर?"

"त्या काळी फ्रेंच लोक अशीच बांधत, मामा."

"मग त्यांचा टेलर लई हुशार असंल. ठेवून जावा."

अर्धे काम गिऱ्हाइकाला परत द्यायचे नाही, हा त्यांचा नेम. नेमके त्याच महिन्यात मुलाने त्यांना कायमचे सोलापूरला बोलावले आणि दुकान सोडायचा दिवस ठरला. रोज दुपारी मी कागदांवरच्या इंग्रजी सूचना मराठीत करून वाचायची, ते कापून चिकटवायचे. चूक झाली तर दुसरा कागद नव्हता.

जायला चार दिवस उरले आणि वरचा डेक बसेना. दोन्ही बाजू चिकटून वाळलेल्या, आणि मधली जागा डेकपेक्षा मोठी.

"मामा, रेषेवरच कापलंत ना?"

"रेषेवर कोण कापतंय, बाई? शिलाईत जायला बाजूंना थोडं सोडावंच लागतं."

चाळीस वर्षांची सवय. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. "कापड असतं तर उसवलं असतं. कागद फाटंल," एवढेच पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी गेले, तर नौकेच्या कुशीवर खडूच्या चार खुणा. "ब्लाऊज ढगळ झालं तर तुम्हाला काय करून देतो म्या?"

"टक्स घालता."

"मग हिलाबी घालू."

चार ठिकाणी कागद हलकेच आत दुमडून त्यांनी चिकटवला. काजात गुंडी बसावी तसा डेक बसला. तोफा, धुराडी सगळे त्यानंतर दोन दिवसांत झाले.

निघायच्या सकाळी जीप दारात उभी, मुलगा हॉर्न वाजवतोय, आणि मामा नौका पालथी घालून तिच्या तळाला कापडी लेबल चिकटवत होते, कॉलरला लावायचे तेच. दुकानाचे नाव, खाली 'लोहारा'.

"घ्या. आता गिऱ्हाइकाला द्यायला हरकत न्हाय." मग माझ्याकडे नजर टाकून म्हणाले, "बाई, तुमचा डावा खांदा उतरलाय हल्ली. नव्या टेलरला आधी सांगा."

नौका माझ्या काचेच्या कपाटात आहे. याल तेव्हा टक्स मोजा, चार आहेत. आणि पालथी करून लेबल वाचा. माझ्याकडे दोन ब्लाऊजपीस पडून आहेत. ते मी अजून कोणाकडे शिवायला टाकलेले नाहीत.