चार हातांची घडी

इस्त्रीच्या रोलरमधून चादर कडक गरम निघते. तिची लगेच घडी घालावी लागते, गार झाली की सुरकुती बसते. मोठ्या चादरीला चार हात लागतात, म्हणून आमच्या लाँड्रीत घडीवर बायका जोडीनं उभ्या असत. मजुरी जोडीच्या घड्यांवर. एक हलली की दुसरीचीही बुडाली. मी अलीकडून ओल्या चादरी घालायचो. पलीकडे शिडी आणि मावशी.

शिडी उंच, म्हणून हे नाव. बाळंत होऊन दीड महिन्यात ती कामावर आली. भरपगारी रजा कायम कामगारांना, ही रोजंदारीवर. पाळणाघराचा नियम होता, पण बायका ठरावीक संख्येच्या वर गेल्या तरच. मुकादम भरती नेमकी त्याच्या खाली थांबवायचा.

बाळ बाटली तोंडात धरेना. दुपारी सासू त्याला गेटवर आणायची.

"शिडे, पळ, तुझा भोंगा वाजला," मावशी म्हणायची.

"मावशी, तुमची मजुरी बुडते हो."

"बुडू दे. माझ्या थोरल्याला या कामापायी पाणी पाजून झोपवलंय मी. पळ तू."

शिडी गेटच्या आडोशाला, पहारेकऱ्याकडे पाठ करून पाजायची. मावशी खोळंबली म्हणून बाळाला अर्धपोटी उठवायची. ते वाळत चाललं होतं.

मग मावशीनं भिंतीत दोन हुक ठोकले. शिडी गेली की चादरीची दोन टोकं हुकांना अडकवायची, उरलेली दोन धरून एकटीच घडी घालायची. हात सतत खांद्याच्या वर. घडी थोडी वाकडी, पण व्हायची. शिडी पोटभर पाजू लागली. बाळाचे गाल भरले. आम्ही सगळे मावशीवर खूश. हे हुक मुकादमालाही दिसतात, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एक दिवस तो येऊन उभा राहिला. "मावशी, एकटीला जमतंय की!"

"जमत नाही साहेब, रेटतेय."

"मग रेटा."

आठवड्याभरात प्रत्येक जागी हुक बसले आणि जोड्या मोडल्या. कामावरून पहिली शिडी गेली. "तुझं तर बरंच झालं," मुकादम तिला म्हणाला, "घरी बसून बाळ सांभाळ." मावशीनं आपले हुक पकडीनं उपटून त्याच्या टेबलावर आपटले. त्यानं दुसरे बसवले. वर्षाच्या आत मावशीचा खांदा कायमचा गेला.

पाजायला गेलेल्या बाईच्या जागी तेवढ्यापुरता बदली माणूस हवा, मालकाच्या खर्चानं आणि कायद्याच्या सक्तीनं. रोजंदारीवालीलाही रजा हवी. दुसऱ्या मजूर बाईच्या खांद्यावर बाळं वाढवायची नसतात.

पुढे शिडी बाजारात भेटली. बाळ कडेवर. दुसऱ्या लाँड्रीत लागली होती.

"तिथं सोडतात का पाजायला?" मी विचारलं.

"घेतानाच विचारलं त्यांनी, लहान मूल आहे का म्हणून. मी नाही म्हटलं."

"आणि हा?"

"दोन दिवस उपाशी रडला, मग धरली बाटली. मी दूध आटायच्या गोळ्या घेतल्या, दादा."