गाठी सोडणाऱ्या सासूबाई

माझ्या सासूबाई अळ्या पाळतात, हे लग्न ठरताना मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी नक्कीच नाक मुरडलं असतं. शहराचा ओला कचरा ज्या शेडमध्ये येतो तिथे त्या चौदा वर्षं कामाला होत्या. ट्रेमध्ये कचरा पसरायचा, त्यावर काळ्या माश्यांच्या अळ्या सोडायच्या. पंधरा दिवसांत त्या सगळा कचरा खाऊन लठ्ठ होत. मग अळ्या कोंबड्यांच्या खाद्याला जात आणि खाली उरलेला भुसभुशीत चुरा खताला. खताचं पहिलं पोतं ठरलेलं, त्यांच्या थोरल्या बहिणीच्या भाजीच्या वाफ्याला.

"अळी खोटं बोलत नाही," त्या म्हणायच्या. "खाणं वाईट असलं तर पळते, नाहीतर मरते. माणसांसारखी केसाने गळा कापत नाही."

कचरा निळ्या पिशव्यांत गाठ मारून येई. सासूबाई एकेक गाठ हाताने सोडत. बोटं सुजायला लागली, तेव्हा शेडमध्ये कचरा दळायचं यंत्र आलं आणि अक्कल त्यांनीच चालवली: पिशवीसकट टाका, प्लास्टिक शेवटी चाळणीवर अडकेल. अडकलंही, मोठं मोठं. मी कौतुकच केलं. रोज रात्री त्यांच्या बोटांना तेल चोळायचं काम सुटलं होतं ना!

तीन वर्षं अळ्या पहिल्याइतक्याच लठ्ठ होत राहिल्या. एकही पळाली नाही.

मग एका सकाळी पांढऱ्या वाडग्यात मूठभर अळ्या धुताना एकीच्या पातळ कातडीआड त्यांना निळी रेघ दिसली. दुसरीतही होती. त्यांनी चाळलेलं खत पांढऱ्या कापडावर पसरलं. त्यात निळे कण होते, रव्याहून बारीक. अळ्यांनी प्लास्टिक निमूटपणे खाल्लं होतं आणि निमूटपणे बाहेर टाकलं होतं.

दारात खाद्यवाल्यांची गाडी उभी होती. शेडचा मुकादम म्हणाला, "अळ्या जिवंत आहेत ना? मग कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेता?"

"मेल्या असत्या तर बरं झालं असतं," सासूबाई म्हणाल्या. "मला वेळेवर कळलं तरी असतं."

गाडी रिकामी गेली. तिथून त्या तडक बहिणीकडे निघाल्या. मी सोबत होते.

थोरल्या मावशींनी सगळं ऐकलं, वाफ्यातली मूठभर माती उचलली आणि चष्मा लावून उन्हात धरली.

"काढता येईल का गं?"

"नाही, ताई."

मावशी रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी माती हळूच खाली ठेवली.

"तू दिलेलं होतं," त्या म्हणाल्या, "म्हणून मी कधी बघितलंच नाही."

सासूबाई वाफ्यापाशी खाली बसल्या आणि सुजलेल्या बोटांच्या नखांनी एकेक कण वेचायला लागल्या. उपयोग नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं. मला त्यांना उठवता आलं असतं. मी उठवलं नाही.