उतरणीला लावलेलं ठिगळ

युमत्सोचा नवरा गोन्पो माणूस भला, पण कुदळ हातात आली की थांबायचं कुठं ते त्याला कळत नसे. मेंढवाड्याची भिंत उभारायला त्यानं घरासमोरची अख्खी उतरण सोलून काढली. आमच्याकडं भिंती अशाच होतात; मुळ्यांसकट गवताचे चौकोनी तुकडे कापायचे आणि एकावर एक रचायचे. पण थोडं इथनं, थोडं तिथनं घ्यावं की नाही? वर मुळ्यांची वीतभर वाकळ, खाली जराशी माती, मग नुसती खडी. वाकळ गेली, मग वाऱ्यानं माती नेली. मातीच नाही तर गवत धरणार कशाला? गोन्पो मरून गेला, आणि ते टक्कल दरसाल कडेकडेनं वाढतच राहिलं.

युमत्सोनं काय नाही केलं! चुलीच्या शेण्या वाचवून तिथं चुरल्या आणि स्वतः थंडीत कुडकुडली. बाजारातलं बी पेरलं, ते दोन वर्षं हिरवं दिसलं आणि तिसऱ्या वर्षी गायब. वर शेजारीण विचारते, "काय गं, डोंगराला शेक देतेस?"

"तुझ्या जिभेला देते, ये इकडं!"

तिला धास्ती होती ती मागल्या उतरणीची. तिथलं बर्फ आधी वितळतं, गवत आधी फुटतं, म्हणून मेंढ्या विण्याच्या वेळी तिथंच न्यायच्या. टक्कल तिथवर पोचलं तर मेंढ्यांना चारा नाही आणि कोकरांना दूध नाही. या एका काळजीनं बाई चिडचिडी झाली होती.

उन्हाळ्यात बहीण आजारी पडली, म्हणून ती महिनाभर खालच्या खोऱ्यात गेली. परत येऊन बघते तर घरासमोर हिरवंगार! तिनं वाकून गवत ओढून पाहिलं. मुळ्यांनी चांगली पकड घेतली होती. म्हातारी चक्क हसली. लेकाच्या, खाबुमच्या, वाडग्यात तिनं सातूवर लोण्याचा मोठा गोळा घातला.

"एवढे तुकडे आणलेस कुठनं रे?"

"मागल्या उतरणीवरनं, आमा. सगळ्यात जाड वाकळ तिथलीच. तू रोज त्या टकलापायी जळत होतीस, म्हटलं एकदाचं मिटवून टाकू."

"अरे माझ्या कर्मा! बापाच्या वरताण निघालास!"

खाबुमचा घास हातातच राहिला. "उपटून परत लावू का?"

"आता उपटलंस तर हेही मरेल, गाढवा! बसल्या जागी बस."

ती तरातरा टेकाड चढून पलीकडं गेली. काळी माती उघडी पडली होती, आणि वाऱ्यानं ती उडायलाही लागली होती. तिनं ओंजळभर माती दाबून धरली, पण बोटांतनं ती सुटतच राहिली. तेवढ्यात मेंढ्या सवयीनं तिच्या मागोमाग आल्या. त्यातल्या दोन-तीन गाभण होत्या.

खाबुम धापा टाकत वर पोचला तेव्हा ती आडवे हात करून त्यांना अडवत होती. "बोल ना आता," ती ओरडली, "विताना कुठं नेऊ मी यांना?"

खाबुमही हात पसरून तिच्या शेजारी उभा राहिला.