घरच्या ढिगातले कांदे

वैशाखातली सकाळ होती. धाकटा भाऊ आणि त्याची बायको सुनंदा लिंबाखाली बसून पात कापत, कांदे निवडत होते. टणक, एकसारखे कांदे कांदाचाळीत साठवायचे. जोडकांदे आणि फुटके घरी खायला. बाजूला माझी गोणी होती, शहरात न्यायची. तिच्यात सुनंदा सगळ्यांत देखणे कांदे टाकत होती.

दरवर्षी ती गोणी मी गाडीत घालून नेतो. मागच्या साली तर फोनवर म्हणालो होतो, "चार-पाच सडके निघाले रे." ते आठवून आज मान वर होईना. आपल्याला वाढणाऱ्याचं ताट आपण कधी बघतच नाही.

"मला यंदा जोडकांदे द्या," मी म्हणालो.

"पाहुण्याला कुणी जोडकांदे देतं का, दादा?" सुनंदा हसली.

याच रानात वाढलेला मी. विळा घेतला आणि पात कापायला बसलो. थोड्या वेळाने पाहिलं, तर मी कापलेला प्रत्येक कांदा ती घरच्या ढिगात टाकत होती.

"कांद्याला बोटभर मान ठेवावी लागते," भाऊ हळूच म्हणाला. "फार जवळून कापला की टिकत नाही."

"असू द्या हो, महिनाभर पिठल्याबरोबर खाऊ," सुनंदा म्हणाली.

माझी मदतसुद्धा त्यांच्याच ताटात गेली. विळा मात्र मी खाली ठेवला नाही. पुढचा कांदा भावाला विचारून कापला.