प्रभाआत्याने ठेवलेलं नाव

नवीन जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत प्रभावती ओल्या कागदावर उगवलेले कोंब मोजायची. शंभरातले किती उगवले, एवढंच काम. घरी अंबडला मात्र पंचेचाळीस वर्षांत तिचं एक वाक्य कुणी पुरं होऊ दिलं नव्हतं. मध्येच भाऊ अंगद बोलायचा, तो नसला तर कुकर.

कंपनीतले धर्मराज सर दुपारी मोबाइलवर परदेशी गाणं लावत. त्यातली बाई इतक्या उंच सुरात चढायची, की प्रभावतीच्या चिमट्यातला कोंब तसाच अधांतरी राहायचा. एकदा तिने विचारलंच.

"ऑपेरा म्हणतात. गाण्यातलं नाटक," सर म्हणाले. "हा तुकडा म्हणजे आरिया. एकटी गाते, बाकीचे थांबतात."

बाकीचे थांबतात! एसटीच्या खिडकीशी बसून ती तेच घोळवत राहिली. बाहेर कपाशीची शेतं मागे सरकत होती. तिला वाटलं, पांढरी बोंडंसुद्धा मान वर करून ऐकून राह्यलीत.

अंगदच्या बायकोला, मोनालीला, मुलगी झाली. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, पण नाव आधीच ठरलेलं. प्रभावतीच्या आईने, पुष्पाबाईंनी, भिंतीवर सोनेरी 'आकांक्षा' चिकटवून वर चादर टाकली होती.

"आई, मी एक नाव..."

"तू फक्त कानात सांग. जल्दी कर, पंगत खोळंबली."

"स्वतःचा पाळणा न्हाई हलला, अन् नावं सुचवून राह्यली," शेजारची केशरबाई कुजबुजली, सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

पोर टाहो फोडत होती. प्रभावती पाळण्यावर वाकली. नाव घेताच आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे, म्हणून बाया मुठी आवळून तयार. केशरबाई तर बाह्या सावरून.

ठरलेलं नाव काही ओठांतून निघेना. निघाला तो दुपारचा सूर. शब्द नव्हतेच, आधी हळू, मग मोकळा. पोर गप्प झाली. वाढपी बादली घेऊन दारातच उभा राहिला. मुठी वरच्या वर. अंगदचं तोंड उघडं होतं, पण तो बोलला नाही.

सूर संपला. पंखा तेवढा कुरकुरत होता.

"आरिया," प्रभावती म्हणाली. "हिचं नाव."

"अन् त्या अक्षरांचं काय?" पुष्पाबाई भिंतीकडे बघत पुटपुटल्या.

"राहू द्या झाकलेली, आत्याबाई," मोनाली सासूला म्हणाली. "झोपली बघा."

"मंग आता मारायचं का न्हाई?" केशरबाई कळवळली. "हात भरून आला, माय!"

"मारा की," म्हणत प्रभावतीने पाठ पुढे केली.