बंद पडलेल्या वस्तूंचे मामा

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांना पाहिलं की बंद पडलेल्या वस्तूंना आशा वाटते आणि चालू असलेल्या वस्तूंना धास्ती. असा दुसरा माणूस मी नागपुरात काय, कुठेच पाहिलेला नाही. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रांची कंट्रोल पॅनेलं बनवण्याचं खातं मामांच्या हाताखाली होतं. सगळी नोकरी त्यांनी तिथेच केली. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं त्यांना भिंतीवरचं एक मोठं घड्याळ भेट दिलं. व्यासपीठावर त्यांच्या गौरवाची भाषणं चालू होती आणि मामांनी ते घड्याळ मांडीवर पालथं घालून खिशातला बारीक स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला होता. उत्तराच्या भाषणाला उभे राहिले तेव्हा ते एवढंच बोलले, "घड्याळ फार सुंदर आहे. सेलची पट्टी थोडी सैल होती, ती आता नीट बसली आहे. धन्यवाद." टाळ्या वाजवाव्यात की घड्याळ देणाऱ्यांची माफी मागावी, हे पहिल्या रांगेतल्या मला ठरवता येईना.

निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात, सकाळी फिरायला जातात, निदान वर्तमानपत्र तरी पूर्ण वाचतात. मामांनी धरमपेठेतल्या आपल्या घराची पुढची खोली रिकामी केली आणि तिच्यात एक लांबलचक टेबल टाकलं. त्या टेबलावर काय नाही ते विचारा. मी मराठीचा प्राध्यापक, मला फ्यूज आणि बल्ब यांतला फरक लग्नानंतर कळला. त्यामुळे त्या खोलीत शिरताना मी अजूनही हात पाठीमागे बांधून उभा राहतो. उन्हाळा सुरू झाला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात, तसा मामांकडेही निघतो, पण त्यांचा कूलर बोलतो. टाकीतलं पाणी कमी झालं की आतून चक्क मामींच्या आवाजात, "अहो, पाणी भरता का?" असं ऐकू येतं. मामांनी मामींना न सांगता त्यांचा आवाज कधीतरी टिपून ठेवला होता. पहिल्यांदा ते वाक्य कूलरमधून आलं, तेव्हा पाहुणे म्हणून आलेले मामींचे सख्खे भाऊ बादली घेऊन उठले. मामींची यावर एकच तक्रार आहे. "मी म्हटलं तर हे उठत नाहीत. कूलर म्हणाला की उठतात."

गच्चीवर एक उंच अँटेना आहे. मामा हौशी रेडिओवाले आहेत. रीतसर परवाना काढून ते जगभरातल्या त्यांच्यासारख्याच लोकांशी रेडिओवरून बोलतात, आणि आवाज पोचत नसला तर मोर्सच्या टिकटिकीत बोलतात. जेवताना त्यांची बोटं ताटाच्या कडेवर वाजायला लागली की समजावं, कुठल्या तरी बेटावरच्या माणसाला काय सांगायचं राहिलं ते त्यांना आठवलं आहे. एकदा भर मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, ते गच्चीवरून घामाघूम होऊन उतरले आणि गंभीरपणे म्हणाले, "तिकडे बर्फ पडून राहिला." तिकडे म्हणजे कुठे, हे विचारायचं मला सुचलं नाही. खोलीत क्षणभर गार वाटलं, एवढं मात्र आठवतं.

लग्नाकार्यालासुद्धा ते खिशात वीज तपासायचा मल्टिमीटर घेऊन जातात. माझ्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि ध्वनिक्षेपक घूं घूं करायला लागला. भटजी थांबले, मंडपवाला धावला, आणि मी सवयीनं मामांच्या खुर्चीकडे पाहिलं, तर ती रिकामी. दोन मिनिटांत घुरघुर थांबली. अंतरपाट दूर झाला तेव्हाच्या प्रत्येक फोटोत नवरा-नवरीच्या मागे, व्यासपीठाच्या कापडाखालून, मामांचे दोन पाय बाहेर आलेले आहेत. पुतणीनं त्यांतला एक फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला आहे.

पण या सगळ्याहून मला थक्क करते ती त्यांची एक वही. तिच्यात ते स्वतःच्या चुका लिहितात. इस्त्री दुरुस्त करताना अर्थिंगची तार विसरलो. पाहुण्यांचा रेडिओ उघडला, एक स्प्रिंग उडाली, सापडली नाही, त्यांना सांगितलं. अशा नोंदी, तारीखवार. इतका हुशार माणूस चुकतो आणि ते शाईनं लिहून ठेवतो, हे पाहिल्यावर मी घरी येताना स्वतःसाठी एक वही आणली होती. तिचं पहिलं पान अजून कोरं आहे. मी चुकत नाही असं नाही, लिहायची छाती होत नाही.

दर रविवारी सकाळी मामांच्या त्या खोलीत इंजिनिअरिंगची पोरं-पोरी जमतात. मामी पोहे आणि त्यांवर ओतायला झणझणीत तर्री करतात. येणाऱ्याला अट एकच, चालत नसलेली वस्तू बरोबर आणायची. "चालणारी वस्तू दाखवायला आणली की माणूस कौतुक ऐकायला येतो. बंद पडलेली आणली की शिकायला येतो," असं मामा म्हणतात. सुरुवातीला पोरं त्यांना सर म्हणायची. "सर म्हणजे मार्क देणारा. मी कोणाले मार्क देत नाही गा," असं म्हणून त्यांनी ते बंद केलं, आणि माझ्या बायकोचे मामा अर्ध्या नागपूरचे मामा झाले. एखाद्यानं जीव तोडून केलेलं यंत्र सुरू झालं, तरी ते शाबास म्हणत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "छान. आता हे कसं बिघडेल ते सांग." पोरं या प्रश्नावर जितकी खूश होतात, तितकी खूश पोरं मी माझ्या वर्गात कधी पाहिलेली नाहीत.

रविवारच्या या मंडळींत उमरेडची प्रणाली होती. वडील हातमागावर लुगडी विणणारे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिनं वडिलांची रोजची अडचणच घेतली होती. मागावर ताणलेल्या शेकडो धाग्यांपैकी एखादा तुटला आणि लगेच दिसला नाही, तर वीतभर कापड खराब विणलं जातं, मग ते उसवत बसा. वडिलांची नजर आता पूर्वीसारखी राहिली नव्हती. धागा तुटला की घंटी वाजावी, असं काहीतरी तिला करायचं होतं. तिच्या मनात साधी गोष्ट होती, प्रत्येक धाग्यावर धातूची एक पिन लटकवायची. धागा तुटला की पिन खाली पडेल, खालच्या दोन पट्ट्या जोडल्या जातील आणि घंटी वाजेल. मामांना ते जुनाट वाटलं. त्यांनी आपल्या पेटीतला प्रकाशावर चालणारा एक लाडका सेन्सर काढून दिला, आणि त्यावर दोघांनी तीन महिने काम केलं. मामांच्या खोलीत ते यंत्र बिनचूक चालायचं.

कॉलेजात परीक्षकांसमोर ते एकदाही चाललं नाही. घंटी एकतर सारखी वाजायची, नाहीतर वाजायचीच नाही. महिन्याभरानं पुन्हा दाखवा, असं परीक्षकांनी सांगितलं. प्रणाली त्या रविवारी आली नाही, पुढच्याही नाही. फोन उचलेना. तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, की ती शिक्षण सोडून उमरेडलाच एका दुकानात कामाला लागायचं म्हणते आहे. मामांनी आपल्याकडे ठेवलेला त्या यंत्राचा दुसरा नमुना उचलला, अंगणात उन्हात नेऊन ठेवला आणि सुरू केला. घंटी थांबेचना. त्यांच्या खोलीला उन्हाळ्यासाठी जाड पडदे आहेत आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेला मोठ्या खिडक्या. बराच वेळ ते त्या वाजणाऱ्या घंटीजवळ उकिडवे बसून होते. मग मला म्हणाले, "तिनं विचारलं होतं. मामा, उजेडात एकदा पाहू का, म्हणून. मीच म्हटलं, गरज नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही उमरेडला गेलो. मला सुट्टी होती, आणि मामींनी त्यांना एकट्याला सोडायला नकार दिला होता. प्रणालीच्या वडिलांनी आम्हाला मागाशेजारी सतरंजी टाकून दिली.

"बसा साहेब. पोरगी आत आहे. चार दिवस झाले, धड जेवून नाही राहिली."

"मले साहेब नका म्हणू," मामा म्हणाले. "मी तिची माफी मागाले आलो."

त्या गृहस्थांना काही उमजेना. ते माझ्याकडे पाहू लागले. तोवर प्रणाली दारात येऊन उभी राहिली होती. मामांनी पिशवीतून ती वही काढली, पान उघडलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं मनातल्या मनात वाचलं. मी आधी वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं, की मुलीची कल्पना सोपी आणि बरोबर होती, मी माझ्या आवडीची वस्तू तिच्यावर लादली, ती योग्य प्रश्न विचारत होती आणि मी ऐकलं नाही.

"तुमचा सेन्सर चांगला होता मामा," ती हळूच म्हणाली. "खोली अंधारी होती."

"खोलीही माझीच होती गं," मामा म्हणाले.

मग ती हसली, आणि तिचे वडील आत चहा सांगायला गेले.

तिच्या मूळ कल्पनेसाठी पिना कुठून आणायच्या, हा प्रश्न प्रणालीच्या आईनं सोडवला. तिनं केसांच्या पिनांची दोन पाकिटं आणून दिली. त्या पिनांवर काळा रंग होता, आणि रंगातून वीज जात नाही. तेव्हा एका अख्ख्या खात्याचे निवृत्त प्रमुख पत्र्याच्या छपराखाली, कपाळाला ओला रुमाल बांधून, दुपारभर केसांच्या पिना पॉलिश पेपरवर घासत बसले. प्रणाली सांगत होती, "दोन्ही टोकं घासा मामा, एक राहिलं," आणि ते निमूटपणे घासत होते. मी आयुष्यात बरेच विद्वान पाहिले, व्यासपीठांवर पाहिले, शाली पांघरलेले पाहिले. कोणापुढे वाकावंसं वाटलं असेल तर त्या दुपारी.

मागाच्या एका कडेच्या थोड्या धाग्यांवर पिना लटकवून झाल्या. बॅटरी जोडली. आता एक धागा तोडून पाहायचा होता. प्रणालीनं कात्री उचलली, तर वडिलांनी हात पुढे केला. "दे, मी तोडतो." त्यांनी धागा दोन बोटांत धरला आणि काही क्षण तसाच धरून ठेवला. "जिंदगीत पहिल्यांदा जाणून धागा तोडून राहिलो," ते म्हणाले आणि त्यांनी तो तोडला. पिन पडली. घंटी वाजली. पिन उचलून पुन्हा पुन्हा सोडली, तर छपराखालच्या त्या उजेडात घंटी तीनदा, चारदा, प्रत्येक वेळी वाजली. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. मला वाटलं, आता ते शाबास म्हणणार. पण त्यांनी विचारलं, "आता हे कसं बिघडेल?" आणि वडील म्हणाले, "पावसाळ्यात पिना गंजतील." प्रणालीनं ते लगेच लिहून घेतलं.

परीक्षकांनी दिलेला महिना भरला तेव्हा ती पुन्हा त्यांच्यासमोर उभी राहिली. मामा बाहेरच्या बाकावर बसले होते. आत या म्हटलं तरी आले नाहीत. ती पास झाली, पुण्याला नोकरीला लागली, आणि रविवारच्या खोलीत तिची जागा दुसऱ्या कोणी घेतली.

गेल्या वर्षापासून मामांच्या डोळ्यांत काहीतरी झालं आहे. समोरच्या वस्तूचा नेमका मधला भाग त्यांना दिसत नाही, कडा तेवढ्या दिसतात. डॉक्टर म्हणतात, आहे ते टिकवायचं. पोरं अजून येतात, तर्री अजून तितकीच तिखट असते, पण टेबलावर हात आता पोरांचेच चालतात. त्यांनी वही मला लिहायला दिली आहे. ते सांगतात, मी लिहितो.

परवा दिवाळीत प्रणाली आली होती. दुपारची वेळ होती, बाकीची मंडळी गेली होती. ती त्यांच्या शेजारी बसली आणि डब्यात साठलेले रेझिस्टर एकेक करून वेगळे लावू लागली. त्या इवल्या तुकड्यांवर रंगांच्या पट्ट्या असतात, त्यांवरून तो तुकडा वीज किती अडवतो ते ओळखतात. ती पट्ट्या वाचून दाखवायची आणि मामा डोळे मिटून उत्तर द्यायचे.

"तपकिरी, काळा, लाल."

"हजार ओहम."

"लाल, लाल, तपकिरी."

"दोनशे वीस."

डबा मोठा होता. ती सावकाश वाचत होती, आणि मला दिसत होतं, की तिलाही उत्तरं पाठ आहेत.