सोवळ्यातला गुडघा

आमचे बाबा अमरावतीत भिक्षुकी करतात. त्यांचा उजवा गुडघा बदलायचं ठरलं तेव्हा मी त्यांना अकोल्याला माझ्याकडे घेऊन आले. दवाखान्यात बाकावर मूर्तिजापूरचे एक वकील भेटले. "परदेशीच घ्या महाराज, देशीले पुढे भाव नाही," म्हणाले. जसं काही गुडघा वापरून झाल्यावर विकायचाच होता!

आत डॉक्टरांनी टेबलावर नमुने मांडले. आम्ही सराफाकडे गेल्यासारखे पुढे सरकलो. बाबांना भाव नको, कंपनी नको.

"याच्यात लोखंड नाही ना? पूजेत लोखंड चालत नाही."

"मिश्रधातू आहे," डॉक्टर म्हणाले. पण बाबांची नजर एका सोनेरी नमुन्यावर खिळली होती. "ते सोनं नाही हो काका, वरचा थर तेवढा सोनेरी. धातूची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी."

"मग मले लोखंडाची ॲलर्जीच समजा."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. कुठलाही बसवला तरी जमिनीवर मांडी घालायची नाही, हेही त्यांनी बजावलं. बाहेर आल्यावर बाबा म्हणतात, "ते सगळ्याईलेच तसं सांगतात." अरे देवा! जन्मभर मांडी घालून पोट भरलेला माणूस, आणि त्याला मांडीचीच गोष्ट किरकोळ वाटावी! माझा असा संताप झाला, पण त्यांच्यापुढे कधी कुणाचं चाललंय?

ऑपरेशन झकास झालं. बाबा चालू लागले, जिना चढू लागले, भेटायला येईल त्याला "सोन्याचा बसवला" म्हणून सांगू लागले. मांडी मात्र काही केल्या बसेना.

मग अमरावतीत राजापेठेतल्या जुन्या यजमानांकडे सत्यनारायण होता. मीही सोबत गेले. चौरंग जमिनीवर, बाबांसाठी खुर्ची. बाबा खुर्चीला हात लावेनात. "देवापेक्षा उंच कसा बसू?" शेवटी यजमानीणबाईंनी लोणच्याच्या बरण्या हलवल्या आणि देवच डायनिंग टेबलावर मांडला. बाबांनी पोथी खणखणीत वाचली. परतताना ऑटोत एवढंच म्हणाले, "माह्यासाठी देवाले उठवलं." त्यांचे डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं.

परवा तपासणीत डॉक्टरांनी डाव्या गुडघ्याचा एक्स-रे पाहिला. तोही पार झिजलेला.

"काय काका, हाही सोनेरीच ना?"

बाबांनी त्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हा राहू द्या, डॉक्टरसाहेब. दुखते, पण वाकते."